आकडा पाठवा

मेडिकलच्या डॉक्टरीणबाईनं केसपेपरच्या मागे
एक नंबर लिहून दिला. म्हणाली, मिस कॉल द्या, बस.
दिला.
दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन वाजला:
"नमस्कार चिंतामणजी. आज तुमचा पहिला दिवस."

जी!
सक्करदऱ्यात मला सगळे "ओ कूलरवाले" म्हणतात.
घरमालक "धकाते" म्हणतो,
तेही महिन्याच्या पाच तारखेलाच.

रात्री आठला परत:
"आज किती ओढल्या? आकडा पाठवा."
वेणूनं वाचलं, तिचा चेहराच उतरला.
"आकडा? या वयात सट्टा लावून राहिले काय?"
बिडी सोडून राहिलो, म्हटलं.
ती हसली.
सट्ट्यावर तिचा लवकर विश्वास बसला असता.

मार्च म्हणजे आमचा सीझन.
गंजलेल्या टाक्या, जाम झालेल्या मोटरी,
उंदरांनी कातरलेल्या वायरी,
आणि दर पंपामागे एक बिडी,
हा हिशेब तीस वर्षांचा.
"तलफ आली? दहा मिनिटं थांबा. पाणी प्या."
परक्याच्या गच्चीवर, तापलेल्या पत्र्याशेजारी
मी दहा मिनिटं थांबायचो.
हातांना कोण समजावणार?
एकाच मोटरचे चार स्क्रू
काढले, लावले, काढले.

"एकविसाव्या दिवसापर्यंत वास येऊ लागतील,"
असंही एकदा आलं होतं.
एकविसाव्या दिवशी तर्री-पोह्याच्या ठेल्यापाशी
मुद्दाम जाऊन उभा राहिलो.
डोळ्यांना झोंबलं.
वास काही आला नाही.

चौतिसावा दिवस. कामठीला साळ्याच्या पोराचं लग्न.
मांडवाच्या मागे, जनरेटरच्या आवाजात, दोन.
रात्री आठला फोन खिशात थरथरला.
मी शून्य पाठवलं.
लगेच आलं:
"शाब्बास चिंतामणजी! आम्हाला तुमचा अभिमान आहे."

बापाशी खोटं बोललो होतो, मास्तरांशी बोललो होतो,
वेणूशी तर बिडीवरूनच किती वेळा.
पण इतक्या चटकन शाब्बास
कोणीच म्हटलं नव्हतं.
अडीच वाजता उठलो. मोरीपाशी अंधारात
दोनचं बटण दाबलं, पाठवून दिलं.
"हरकत नाही. उद्या परत सुरू करू."

करू.
करा नाही, करू.
माहीत आहे मला, मशीन आहे ते.
कोणीतरी कधीतरी एकदाच लिहून ठेवलेलं,
हजार जणांना जात असेल.
पण तो जो कोणी लिहायला बसला होता,
त्यानं आधी "करा" लिहिलं असेल,
मग खोडलं असेल ना?

नव्वदाव्या दिवशी, "अभिनंदन. हा शेवटचा संदेश."
दुसऱ्या दिवशी आठ वाजता
मी फोन घेऊन ओसरीत बसलो.
सवा आठ झाले. साडेआठ.
"जेवायचं नाही काय?" वेणू म्हणाली.
मी आपणहून शून्य पाठवलं.
पडद्यावर आलं, संदेश पाठवता आला नाही.

नवतपा सुरू होता तेव्हा.
नंदनवनात गजभियेबाईंच्या तिसऱ्या माळ्यावर
कूलरला नव्या ताट्या बसवत होतो, वाळ्याच्या.
पंप सुरू केला. पाणी वरून झिरपत खाली आलं,
पंखा फिरला,
आणि थांबलाच माझा हात.

तीस वर्षं हे विकलं मी.
गिऱ्हाइकाला सांगत आलो, अस्सल माल आहे,
घ्या, वास घेऊन बघा.
सगळं ऐकीव बोलत होतो.
माती होती त्यात,
विहिरीच्या आतल्या अंगाची,
आणि आणखी काहीतरी गोड, ज्याचं नाव
मला येत नाही.

"काय झालं हो?" बाई दारातून म्हणाल्या.
"माल बरोबर नाही काय?"

दहा मिनिटं थांबा, म्हटलं, बाई.